गोदामावशीच्या हातांवरची फुली

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "टीव्हीचं लिहा. नटनट्या, फजित्या, स्टुडिओतल्या गमती. वाचकांना तेच हवं असतं." मी हो म्हणाले. हो म्हणायला काही जात नाही. पण लिहायला बसले आणि लक्षात आलं, की टीव्हीतल्या माझ्या वर्षांच्या गमती मी इतक्या लग्नकार्यांत सांगितल्या आहेत की आता त्या माझ्या मलाच खऱ्या वाटत नाहीत. म्हणून संपादकांची माफी मागून त्याच्या कितीतरी आधीचं सांगते. तेव्हा मुंबईत टीव्ही नावाची वस्तू कुणी पाहिलेली नव्हती आणि मी वीस-बावीस वर्षांची, मुलुंडच्या एका शाळामास्तरांची मुलगी, अंधेरीच्या एका गॅरेजमध्ये नोकरी करत होते.

गॅरेज म्हणजे खरोखरचं गॅरेज. अण्णा कारखानिसांच्या बंगल्यामागे होतं. मोटार विकून त्यांनी तिथे माहितीपट काढायचा कारखाना घातला होता. सरकारची निरनिराळी खाती, मोठ्या गिरण्या, साबणवाले, खतवाले असे लोक आमच्याकडून दहा-दहा मिनिटांच्या फिल्मा करून घेत. माश्या मारा, पाणी गाळून प्या, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा. अंधारात सिनेमा सुरू व्हायच्या आधी या फिल्मा दाखवत आणि लोक तेवढ्या वेळात शेंगदाणे घेऊन येत. त्या शेंगदाण्यांच्या वेळात आमचा संसार चालायचा.

मी होते निगेटिव्ह कापणारी. हातात पांढरे सुती मोजे घालायचे, दिव्यावर फिल्म धरायची, नेमक्या जागी कात्री लावायची आणि दोन तुकडे चिकटवायचे. घरी आई विचारायची, "तू नक्की करतेस काय तिथे?" मी म्हणायची, "शिवणकाम." ते तिला पटायचं.

आता परक्या माणसाला आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पहिली गोष्ट, आमचा कॅमेरा मुका होता. घड्याळासारखी चावी द्यायची, की तो अर्धाएक मिनिट घरघरायचा आणि थांबायचा. त्याला फक्त डोळा, कान नाही. आवाज मागाहून, सगळं कापून जोडून झाल्यावर. एक भारदस्त गळ्याचे गृहस्थ येत, पडद्यावरचं चित्र बघत कागदावरचं निवेदन वाचत. पूर असो, गहू असो, गजकर्ण असो, आवाज तोच. मग चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर छापले जात, मधे चित्र आणि कडेला आवाजाची बारीक रेघ. एकदा छापलं की त्यातला एक शब्दही बदलता येत नसे. चित्रातल्या माणसाने चित्र काढताना काय म्हटलं होतं, याच्याशी त्या रेघेचा काही संबंध नसे. तरीही आम्ही माणसांना बोलतं ठेवायचो. कॅमेऱ्यासमोर गप्प उभं केलं की माणसाचे हात लाकडी होतात. बोलत राहिला की हात आपोआप चालतात. आम्हाला हात हवे असत.

दुसरी गोष्ट म्हणजे फुली. फिल्म बघणाऱ्याला अक्षरओळख नसणार हे गृहीत धरून अण्णांनी एक रीत घालून दिली होती. आधी चुकीची पद्धत दाखवायची आणि त्या चित्रावर मोठी पांढरी फुली उमटवायची. मग बरोबर पद्धत दाखवायची, तिच्यावर काही नाही. ही फुली मीच काळ्या पुठ्ठ्यावर दोन कागदी पट्ट्या चिकटवून केली होती. आणि चुकीचं वागणारा माणूस कायम ठरलेला, आमच्या ऑफिसातले टायपिस्ट जोशी. जोशी रस्त्यावर थुंकले, फुली. जोश्यांनी उघड्यावरची भजी खाल्ली, फुली. गोरेगावच्या तबेल्यावरच्या फिल्ममध्ये ते न धुतलेल्या हातांनी म्हैस पिळत होते, म्हशीने लाथ मारली ती निराळी, आणि वर फुली. जोश्यांना या कामाचा अभिमान होता. "माझ्याइतकं चुकीचं कुणाला जमत नाही," असं ते म्हणत. माणूस घरचा, फुली घरची. कुणाला लागायचं कारण नव्हतं.

मग आरोग्य खात्याकडून बाळंतपणावरची फिल्म आली. घरी बाळंतपण करताना स्वच्छता कशी ठेवावी, असा विषय. खात्याचे एक डॉक्टर काम बघणार होते. सभ्य गृहस्थ होते आणि कळकळीचे होते. नाळ कापण्यात घाण राहून किती बाळं दगावतात हे सांगताना त्यांचा आवाज चिरकत असे. त्यांची अट एकच होती, दिग्दर्शक बाई हवी, कारण पुरुषाशी या गोष्टी कुणी बोलणार नाही.

अण्णांनी गॅरेजभर नजर फिरवली. बाई मी एकटीच होते.

"कुमुद, तू करशील?"

"मी? अण्णा, मी कापते."

"कापणाऱ्यालाच कळतं काय हवं ते. नाव तुझं घालू. दिग्दर्शन, कुमुद सबनीस."

त्या रात्री मला झोप लागली नाही हे कबूल करते. आपलं नाव फिल्मच्या पाटीवर यावं असं आमच्या घरात कुणाचं काही झालंच नव्हतं. वडिलांचं नाव फक्त शाळेच्या हजेरीबुकाच्या पहिल्या पानावर असायचं.

कॅमेरामन होता पास्कल. राहायला वाकोल्याला, विहिरीजवळच्या जुन्या घरात, बायको आणि दोन मुलांसह. तो म्हणाला, "सुईण पाहिजे ना? आमच्याकडे गोदामावशी आहे. माझी दोन्ही पोरं तिच्याच हातची. मालवणची बाई आहे. तोंड फाटकं, पण हात सोन्याचा."

गोदामावशी पन्नाशीची असेल. नवरा गिरणीत होता, आजारी पडून घरी बसलेला. दोन मुलगे, एक सून. वाकोल्यातली निम्मी पोरं तिच्या हातची आणि ती प्रत्येकाला हाक मारताना त्याच्या जन्माची हकीकत सांगायची. पास्कललाही सोडायची नाही. "ह्याची बायल कळा देत होती आणि ह्यो विहिरीर बसान रडत होतो," असं ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली. पास्कल कॅमेऱ्याची काच पुसत राहिला.

खोल्यांत अंधार असायचा, म्हणून पास्कलच्या मागच्या ओसरीवर चित्रण ठरलं. उन्हासमोर चंदेरी कागदाचे पुठ्ठे धरले, चटई टाकली, कापडाची बाहुली केली, पिळलेल्या सुताची नाळ केली. आणि तिथे माझ्या लक्षात आलं, की चुकीची पद्धत कोण दाखवणार हे कुणी ठरवलेलंच नाही. जोश्यांना लुगडं नेसवून सुईण करता येत नव्हतं. पास्कलने तेही सुचवून पाहिलं होतं.

मी गोदामावशीला म्हटलं, "मावशी, पूर्वी कसं करायचे, ते दाखवाल का? तुमच्या सासूच्या वेळी?"

"माजी सासू? ती इळो घेय, भाजी चिरुचो, तोच. लुगड्याक पुशी आणि कापी. वर चुलीतली राख." ती हसली. "दाखवतंय. त्येका काय जाता."

तिने दाखवलं. फार छान दाखवलं. विळा उचलला, पदराला पुसला, सुताची नाळ कापली, चिमूटभर राख दाबली. आणि सबंध वेळ ती कॅमेऱ्याकडे बघून बोलत होती, "ह्या माजी सासू करी हां. मी असा करनय नाय. माज्या नणंदेचा पोर ह्याच्यानच गेला, सातव्या दिसाक. त्येच्यानंतर मी पाणी उकळल्याबिगर हात लावनय नाय. ऐकलास मां, बायांनो?" पास्कल चावी देत होता. मी मान डोलावत होते, "बोला मावशी, बोलत राहा," म्हणत होते. हात सुरेख चालले होते.

मग तिची स्वतःची पद्धतही आम्ही घेतली. पितळी पातेल्यात उकळणारं पाणी, त्यात टाकलेलं नवं पातं आणि दोरा, साबणाने कोपरापर्यंत धुतलेले हात. ते हात मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. बोटं आखूड होती आणि नखं अगदी मुळाशी कापलेली होती.

आठवड्याने कापून जोडलेली फिल्म डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती दोनदा बघितली. मग म्हणाले, "बाई, काम चांगलं आहे. पण एकच बाई आधी चूक करते आणि तीच नंतर बरोबर करते. खेड्यातल्या माणसाला यातून काय समजणार? चुकीचं सुईण करते, बरोबर नर्स करते, असं स्वच्छ हवं. नर्सचं चित्रण आपण इस्पितळात करू. या बाईचं दुसरं काढून टाका."

त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी चूक नव्हतं. मी म्हणू शकले असते, की मग चुकीच्या पद्धतीला दुसरी बाई घेऊन पुन्हा चित्रण करू. मी म्हणणार होतेही. पण पुन्हा चित्रण म्हणजे महिना. महिन्यात खात्याचा धीर सुटला असता आणि त्यांनी ते काम दुसऱ्या कुठल्या कंपनीला दिलं असतं. पाटीवर माझं नाव तयार होतं, पुठ्ठ्यावर रंगवून टेबलावर ठेवलेलं. मी येता-जाता ते बघत होते.

मी म्हटलं, "हो, होईल."

धुतलेल्या हातांचे तुकडे मी मोजे घातलेल्या हातांनी उचलले आणि टाकाऊच्या पिशवीत सोडले. विळ्याच्या चित्रावर माझी फुली चढवली. भारदस्त आवाजाने वाचलं, "अज्ञानी, अडाणी सुईण. तिचे अस्वच्छ हात म्हणजे साक्षात मृत्यू." ते वाक्य मी लिहिलं नव्हतं, पण वाचलं जात असताना मी खोलीत होते आणि चित्राच्या लांबीत ते बरोबर बसलं म्हणून मला बरं वाटलं होतं.

फिल्म मंजूर झाली. प्रिंटा निघाल्या आणि खात्याच्या गाड्यांतून गावोगाव गेल्या. मुलुंडला आईने पेढे वाटले.

दोनेक महिन्यांनी पास्कल गॅरेजमध्ये आला तो बसलाच नाही.

"वाट लागली. परवा दुपारी वाकोल्याच्या शाळेत आपली फिल्म आहे. बायकांसाठी. गोदामावशी घराघरात जाऊन बोलावणं करतेय, माझो शिनिमा बघूक चला म्हणून. ज्या ज्या बाईचं तिने केलंय ती प्रत्येक येणार."

वाकोल्यात गोदामावशीजवळ दुसरं काय होतं? नवरा घरात बसलेला, मुलांची कमाई बेताची. घर तिच्या हातांवर चालायचं आणि त्या हातांवर लोकांचा विश्वास होता. परवा दुपारी तिच्या दीडशे लेकी-सुनांसमोर एक भारदस्त आवाज सांगणार होता, की हे हात म्हणजे मृत्यू. फिल्ममधला आवाज खोटं बोलतो, असं तेव्हा कुणाच्या मनातही येत नसे.

"तू जाऊन सांग तिला," पास्कल म्हणाला.

"आपण दोघं जाऊ."

"मी नाही यार. माझी पोरं तिच्या हातची आहेत. मी काय तोंड दाखवू? आणि कापलंस तू ना?"

ते खरंच होतं. अण्णांकडे गेले तर ते म्हणाले, "प्रिंट आपली राहिली नाही पोरी, खात्याची आहे." दुसऱ्या दिवशी मी एकटीच वाकोल्याला गेले.

गोदामावशी अंगणात गोणपाटावर कोकमाची सोलं वाळत घालत होती. मला बघून तिने सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, चहा नको, आधी ऐका. आणि सगळं सांगितलं. काय ठेवलं, काय टाकलं, कुणी सांगितलं आणि मी हो म्हटलं तेही.

"फुली म्हंजे?"

मी मातीत बोटाने काढून दाखवली.

"पोरांच्या चुकलेल्या गणितार मास्तर मारतत, ती?"

"हो."

तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. सोलांनी लाल झाले होते. ओरडेल, शिव्या देईल असं मला वाटत होतं आणि खरं म्हणजे मला ते हवंही होतं. ती ओरडली नाही.

"आणि मी बोललंय तां? माजी नणंद, तिचा पोर, पाणी उकळूचा, तां सगळा खंय गेला?"

"मावशी, कॅमेऱ्याला आवाज येत नाही. आवाज आम्ही घेतलाच नव्हता."

"तुका तेव्हा म्हायत होता?"

"हो."

"मगे माका बोलूक कित्याक दिलंस?"

या प्रश्नाला उत्तर होतं. हात मोकळे चालावेत म्हणून. ते तिला सांगायची मला लाज वाटली, पण सांगितलं. एवढं कबूल केल्यावर तेवढंच लपवण्यात अर्थ नव्हता.

ती उठून आत गेली. मी अंगणातच बसले. तिचा नवरा दारातून माझ्याकडे बघत होता. चहाही आला नाही. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, पण सोलांवरची सावली भिंतीपर्यंत सरकली होती.

ती बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, "मावशी, मी उद्या ती रिळं येऊ देत नाही. फिल्म तुटली असं सांगता येतं. मला तोडता येते."

"नको. मी सगळ्यांका सांगान बसलंय. दुपारचा काम टाकून येतली ती." ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "माका सांग, तो भोंगो बोलता काय? सगळा सांग."

मी निवेदन पाठ होतं तसं म्हणून दाखवलं. अज्ञानी, अडाणी, अस्वच्छ. माझ्या तोंडून ते शब्द तिच्या तोंडावर. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गणपतीत लाउडस्पीकराचो कान पिळतत, आवाज बारीक करूक. तसो ह्येचो पिळूक येता?"

"येतो."

"चित्र ऱ्हवता?"

"चित्र राहतं."

"मगे पीळ. बोलूचा तां मी बोलतलंय."

शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या टांगल्या होत्या. बायका जमिनीवर मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, कडेवरची पोरं रडत होती आणि आत फार उकडत होतं. गोदामावशी हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून पहिल्या रांगेत बसली होती. मशीनवाला गाडीबरोबर आलेला सरळ माणूस होता. मावशीचं म्हणणं माझ्याकडून ऐकल्यावर पास्कलही आला होता, त्यानेच मशीनवाल्याला बाजूला घेतलं.

"मधे आवाज बंद करायचा आहे."

"असं नाही करता येत साहेब. तक्रार आली तर?"

"आली तर सांग, मशीन तापलं होतं. हे बघ, बटणावर हात माझा. तू तिकडे बघ."

पाटी आली, गेली. भोंगा गरजू लागला. पहिली दोन मिनिटं झाली आणि ओसरी दिसली. चटई, बाहुली, गोदामावशी. हॉलमध्ये एकदम कलकलाट झाला, "मावशी, मावशी गो!" पास्कलने बटण फिरवलं. उरली ती फक्त मशीनची घरघर.

ती उठली आणि पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. तिची सावली तिच्याच चित्रावर पडली, बायका ओरडल्या, बाजूक हो. ती बाजूला झाली.

"हे हात माजे," ती म्हणाली. "पण रीत माज्या सासूची. ही बाय माका म्हणाली, सासूच्या येळचा दाखव, म्हणान दाखवलंय. इळो बघा. ह्येच्यान भाजी चिरल्यान, ह्येच्यानच नाळ कापल्यान. माज्या नणंदेचा पोर सातव्या दिसाक गेला. तुमच्यातल्या कोणाकोणाची गेली असतली, माका सांगू नका, तुमका म्हायत."

पडद्यावर फुली उमटली, तिच्या दोन्ही हातांवर, पडद्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता ती बोलायची थांबणार.

"ही फुली," ती म्हणाली. "चुकलेल्या गणितार मारतत ती. बरोबर मारल्यानी. रीत चुकीची, मारुकच व्हयी. फक्त माज्या हातार मारुक नको होती, ती त्यांची चूक." आणि तिने आपले खरे हात वर करून बायकांना दाखवले. "हे हात तुमका म्हायत आसत. काय गो, म्हायत मां?"

पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "म्हायत आसत गो. ऱ्हव गप." आणि सगळ्या हसल्या.

इस्पितळातली नर्स पडद्यावर आली तेव्हा पास्कल आवाज परत सुरू करायला निघाला. गोदामावशीने अंधारातूनच सांगितलं, "पास्कू, ऱ्हवांदे बंद." आणि उरलेली सगळी फिल्म तीच बोलली. नर्स पाणी उकळते ते बरोबर, हात धुते ते बरोबर, पातं नवं घेते ते बरोबर, मी पण तसंच करते. पण ही इस्पितळातली, पावसात वाकोल्याच्या चिखलातून तुझ्याकडे येणार आहे का? नाही ना? मग पाणी तू उकळ. पाणी उकळायला नर्स लागत नाही. बायका मधूनच प्रश्न विचारत होत्या, दोरा कुठला, किती वेळ उकळायचा, सासू ऐकत नसेल तर काय करायचं. माझ्या दहा मिनिटांच्या फिल्मला कुणी कधी प्रश्न विचारलेला मी तोवर पाहिला नव्हता. तोवर लोक शेंगदाणे आणायला जात.

हे झालं एका वाकोल्यात. बाकीच्या प्रिंटा भोंग्यासकट फिरतच राहिल्या. कुठल्या कुठल्या गावांत, जिथे तिचे हात कुणाला माहीत नव्हते, तिथे ती अडाणी सुईण म्हणूनच दिसली असणार आणि त्या प्रत्येक हॉलमध्ये उठून उभी राहायला ती नव्हती. याचं मला आजही वाईट वाटतं. डॉक्टरांना मी सगळं पत्राने कळवलं. त्यांनी दोन ओळींत उत्तर दिलं, की पुढच्या फिल्ममध्ये लक्षात ठेवू. त्यांनी ठेवलं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पुढच्या फिल्ममध्ये सुईणच पाणी उकळत होती.

मी त्यानंतर बरीच वर्षं हेच काम केलं. मुके कॅमेरे गेले, ऐकणारे आले, मग टीव्ही आला आणि मी निर्माती म्हणून खुर्चीत बसले. माझ्या हाताखालच्या मुलांना माझी एक गोष्ट फार जाचक वाटायची. आवाज घेत नसू तरी माणूस कॅमेऱ्यासमोर काय बोलला ते वहीत लिहून ठेवायचं आणि त्याच्या चित्रावर आपण काय म्हणणार आहोत ते त्याला आधी वाचून दाखवायचं. मुलं म्हणायची, "बाई, किती वेळ जातो ना यात." जायचाच. काही माणसं नाही म्हणायची आणि सबंध कार्यक्रम बोंबलायचा. पण त्या वाचून दाखवण्यातून मला जे मिळालं, ते दुसऱ्या कुठल्या शाळेत मिळालं नसतं आणि ते सगळं त्या अंगणातल्या एका प्रश्नाचं देणं आहे. मी फार भाग्यवान, की तो प्रश्न मला पहिल्याच फिल्मला विचारला गेला.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. फिल्म संपली, घोंगड्या खाली उतरवायला लागल्या, तेव्हा गोदामावशी माझ्याकडे आली.

"तुजा नाव ह्येच्यात नाय?"

मी म्हटलं, आहे, सुरुवातीला येऊन गेलं. खरं तर मला ते त्या दिवशी कुणी पाहिलं नाही याचं बरंच वाटत होतं.

"माका वाचूक येणा नाय, माका कसा कळतला? ए मशीनवाल्या, पयल्यापासून लाव."

मशीनवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली, पण तिच्यापुढे माझ्या मानेला कोण विचारतंय. घोंगड्या परत चढल्या. रीळ उलटं गुंडाळून पुन्हा सुरू झालं आणि पाटी आली.

"थांबव. वाचा गो कोणीतरी."

सातवीपर्यंत शिकलेली तिची सून उभी राहिली आणि एकेक अक्षर लावून तिने मोठ्याने वाचलं, "दिग्दर्शन, कुमुद सबनीस."

"ही ती," गोदामावशी म्हणाली आणि मला दंडाला धरून सगळ्या बायकांपुढे उभी केली. "नीट बघून घेवा. ह्या चेडवान चूक केल्यान आणि स्वतः येवन सांगल्यान."

दीडशे बायका माझ्याकडे बघत होत्या. मला मान वर करता येत नव्हती आणि दंडावरचा तिचा हात ती काढत नव्हती.